कूलंट बूस्टर, वॉटरलेस की नुसतं पाणी? ट्रॅफिकमध्ये गाडी गरम होतेय

खटपट्या:
नमस्कार मंडळी, एक सल्ला हवाय. पेट्रोल गाडी आहे, चार सिलिंडर, लाखाच्या वर किलोमीटर झालेत. हायवेला काही तक्रार नाही, काटा मधोमध चिकटवल्यासारखा. पण सिग्नलला नाहीतर जाममध्ये एसी लावून उभं राहिलं की काटा हळूहळू वर सरकतो, एसी बंद केला की थोड्या वेळात परत जागेवर. उकळून बाहेर असं अजून कधी आलेलं नाही. कूलंट थोडं थोडं कमी होतं, अधूनमधून बाटलीत टॉपअप मारावा लागतो, खाली मात्र कुठे ठिपका दिसत नाही.

आता ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. एक मित्र म्हणतो कूलंट बूस्टरची छोटी बाटली येते ती टाक, दहा डिग्री सरळ उतरतात. दुसरा म्हणतो ते पाणीबिणी सगळं काढ आणि वॉटरलेस, म्हणजे बिनपाण्याचं कूलंट भर, एकदा भरलं की सुटलास. मेकॅनिकचं म्हणणं थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर रेडिएटरकडचा रस्ता उघडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकू आणि जोडीला लीक बंद करायचं औषध घालू. आणि घरात काका आहेत, ते म्हणतात कूलंट हे सगळं कंपन्यांचं नाटक आहे, नळाचं पाणी घाल. मला यातली केमिस्ट्री काही कळत नाही पण कुठलीतरी एक बाटली घ्यायची तयारी आहे, तर कोणती घेऊ? आणि आत्ता आत हिरवं आहे त्यात गुलाबी चालतं का, कारण मागच्या वेळी कुठलं टाकलं होतं ते लक्षात नाही.

पाना_दहाबारा:
भाऊ, बाटल्या जरा बाजूला ठेवा. उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. हायवेला ठीक आणि उभं राहिलं की गरम, म्हणजे समोरून वारा लागतो तेव्हा रेडिएटर पुरतो आणि वारा थांबला की कमी पडतो. उभ्या गाडीला वारा कोण देतं, फॅन. तेव्हा संशय पहिला फॅनवर. याच्या उलट असतं, म्हणजे घाट चढताना किंवा हायवेला दामटल्यावर गरम आणि ट्रॅफिकमध्ये ठीक, तर मी म्हणालो असतो रेडिएटर आतून चोक आहे नाहीतर पंप दमलाय.

एसीचं बटण दाबलं की बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला हवा. बॉनेट उघडा, कुणालातरी एसी लावायला सांगा आणि बघत उभे राहा. बऱ्याच फॅनना दोन स्पीड असतात, लो स्पीडचा करंट एका रेझिस्टरमधून जातो आणि तो जळला की लो स्पीड गायब. मग फॅन थेट हायवर येतो, तेही पाणी चांगलंच तापल्यावर. मालकाला वाटतं फॅन चालतोय की, केवढा आवाज येतोय! पण तो उशिरा आलेला असतो, तोवर काटा वर गेलेला असतो.

दुसरं, टॉर्च घ्या आणि एसीचा कंडेन्सर आणि त्यामागचा रेडिएटर या दोघांमधल्या फटीत वरून बघा. समोरून जाळी स्वच्छ दिसते, सगळा कचरा मधे अडकतो, धूळ, किडे, झाडाचा कापूस, त्याची अक्षरशः गोधडी तयार होते. ती काढायची झाली तर इंजिनच्या बाजूनं पुढच्या दिशेनं पाणी मारायचं, हलक्या दाबानं. प्रेशर वॉशर जवळून मारला की पत्र्याच्या पात्या आडव्या झोपतात आणि मग वारा जायचाच बंद होतो.

तिसरं झाकण. गाडी पूर्ण गार असताना, परत लिहितो गार असताना, रेडिएटरची कॅप उघडा आणि खालचं रबर नखानं दाबून बघा. कडक झालंय, चिरा पडल्यात, कडेला पांढरट थर बसलाय, तर नवीन घ्या आणि त्यावर लिहिलेला दाब तोच असू दे. ०.९ ते १.१ बार असं काहीतरी लिहिलेलं असतं. एक बार जादा दाब धरला की नुसतं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० च्या आसपास उकळतं. रबर गेलं की त्या वीस डिग्री गेल्या, आणि बूस्टरची पेटीच्या पेटी ओतली तरी त्या परत येत नाहीत. तुमचं ते थोडं थोडं कमी होणं आणि ठिपका न दिसणं, त्यातही कॅपचा हात असू शकतो. दाब न धरणाऱ्या कॅपमधून गरम असताना ओव्हरफ्लोच्या बाटलीत जास्त जातं, तिथून वाफ होऊन उडतं, जमिनीवर कशाला काय दिसेल. कॅपमध्ये आणखी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, गार होताना बाटलीतलं पाणी परत आत ओढून घेणारा. सकाळी वरचा होज, म्हणजे रबरी नळी, चपटा बसलेला दिसला तर तो अडकलाय समजा.

आणि काट्यावर विसंबू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम मधे धरून ठेवलेला असतो, आत ७५ ते १०५ काहीही असो तो हलत नाही, लोकांनी घाबरून सर्व्हिस सेंटर गाठू नये म्हणून. ओबीडीचा डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र, लावा आणि मोबाईलवर खरा आकडा बघा.

तिसऱ्या_गिअरमध्ये:
मी बूस्टर टाकलाय, मला तरी फरक वाटला. काटा थोडा खाली राहतो. बाकी तुम्ही सगळे हुशार आहात.

रंगहीन_द्रव:
वाटला असेल, पण का वाटला ते बघू. मी रसायनवाला माणूस, गाडीतलं माझं ज्ञान पाना_दहाबारांच्या पासंगालाही नाही, पण बाटलीत काय असतं ते सांगतो.

बूस्टर म्हणून जे विकतात त्यात मुख्य काम सर्फॅक्टंटचं, म्हणजे साबणासारखं पाण्याचा पृष्ठताण कमी करणारं द्रव्य, आणि सोबत थोडे गंजरोधक. कल्पना अगदीच भोंगळ नाही. हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला धातू इतका तापतो की बाकीचं पाणी ९० ला असलं तरी तिथे टेकलेलं पाणी बारीक बुडबुडे काढून उकळत असतं. बुडबुडा पटकन सुटला तर फायदाच, तो उष्णता उचलून नेतो. चिकटून बसला आणि शेजारचे बुडबुडे त्याला येऊन मिळाले की धातू आणि पाणी यांच्यामध्ये वाफेचा पडदा तयार होतो आणि ती जागा भाजून निघते. पृष्ठताण कमी असला की बुडबुडे लहान राहतात, लवकर सुटतात. इथपर्यंत ठीक.

आता मेख. साध्या तापमानाला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलीन्यूटन प्रति मीटर, एथिलीन ग्लायकोलचा, म्हणजे कूलंटमधल्या मुख्य द्रवाचा, ४८ च्या जवळपास. म्हणजे ज्याच्या गाडीत निम्मं ग्लायकोल आहे त्याचा ताण आधीच बराच उतरलेला आहे, बूस्टरला उतरवायला फारसं उरत नाही. बाटलीवरचे मोठे आकडे बहुतेक नुसत्या पाण्यावरच्या चाचणीतले असतात. शर्यतीच्या ट्रॅकवर ही बाटली खरी उपयोगी, कारण बऱ्याच ट्रॅकवर ग्लायकोल चालतच नाही, सांडलं की रस्ता निसरडा होतो आणि लवकर वाळत नाही, मग तिथे डिस्टिल्ड पाणी आणि बूस्टर असा जोड लावतात. गोठण्यापासून मात्र तो काडीचंही संरक्षण देत नाही.

दुसरी मेख त्याहून मोठी. इंजिनचं तापमान कूलंट ठरवत नाही, थर्मोस्टॅट ठरवतो. तो ८८ ला उघडणारा असेल तर आत कितीही गुणी द्रव घाला, तो पाणी ८८ च्या आसपासच ठेवणार, द्रव चांगला असला तर तो जरा कमी उघडेल इतकंच. बूस्टर घालून आकडा खरोखर खाली आला याचा अर्थ थर्मोस्टॅट आधीच पूर्ण उघडून हात टेकून बसला होता आणि रेडिएटर पुरत नव्हता. म्हणजे बिघाड होता आणि अजून आहे. तिसऱ्या_गिअरमध्ये, तुम्हीही फॅन बघून घ्या.

जुनं_ते_चालू:
मी खटपट्याचा काका नव्हे, पण बाजू त्यांचीच घेणार. आमच्या वेळी कुठे होतं कूलंट? रोज सकाळी झाकण उघडायचं, तांब्याभर पाणी घालायचं, निघायचं. इंजिनं दोन-दोन लाख किलोमीटर चालली. आणि उष्णता वाहून न्यायला पाण्याइतकं चांगलं काही नाही हे शाळेत शिकलोय, मग त्यात निम्मं ग्लायकोल घालून पाणी बिघडवायचं कशाला?

रंगहीन_द्रव:
काका, निम्मं तुमचं बरोबर आहे आणि ते निम्मं कंपन्या सांगत नाहीत. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८ किलोज्यूल प्रति किलो प्रति डिग्री, ग्लायकोलची २.४ च्या आसपास, निम्मं-निम्मं मिश्रण साडेतीनच्या जवळ कुठेतरी. उष्णता वाहण्यातही पाणी ०.६ आणि ग्लायकोल ०.२५. नुसत्या गारव्याचा विचार केला तर पाणीच राजा, वाद नाही.

पण तुमच्या वेळचं इंजिन बिडाचं होतं आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा. आताचा हेड ॲल्युमिनियमचा, रेडिएटर ॲल्युमिनियमचा, बऱ्याचदा ब्लॉकसुद्धा, टाक्या प्लास्टिकच्या. नळाच्या पाण्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पाडतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार तर सगळ्यात आधी सगळ्यात गरम जागी बसतात, म्हणजे नेमके व्हॉल्व्हच्या शेजारी, जिथून उष्णता लवकरात लवकर निघायला हवी तिथेच. रोज तांब्याभर नवीन पाणी म्हणजे रोज नवीन क्षार. बाटलीबंद कूलंटमध्ये ग्लायकोल सोडून जे थोडंसं बाकी असतं ना, गंजरोधक, फेस न होऊ देणारं द्रव्य, त्याचे पैसे आपण खरे मोजतो. म्हणजे ॲडिटिव्ह कूलंटमध्ये आधीच आहेत, वेगळी बाटली हवी का हा प्रश्न नंतरचा.

ग्लायकोलचं काम गोठू न देणं आणि उशिरा उकळवणं. निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ च्या आसपास आणि उकळणं दाबाशिवाय १०७-१०८ ला. आणि जास्त घातलं की जास्त चांगलं असंही नाही, शुद्ध एथिलीन ग्लायकोल उणे १३ लाच गोठतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, तसंच ओतणाऱ्यांनी जरा थांबावं. जिथे बर्फ पडतच नाही तिथे ३० ते ४० टक्के ग्लायकोल ठेवलं तर गारवा थोडा जास्त मिळतो, पण त्याखाली गेलं की गंजरोधक फार पातळ होतात. मॅन्युअलमध्ये किमान टक्का दिलेला असतो, तो पाळा.

पाणी घालायचंच तर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड, ज्याला आपण बॅटरीचं पाणी म्हणतो ते. टॉपअपचं पाणी हं, ॲसिड नव्हे. दोन्ही डबे सारखेच दिसतात म्हणून लिहिलं.

जुनं_ते_चालू:
बिडाचं इंजिन होतं हे खरं. बॅटरीच्या पाण्यावर तह मान्य.

क्लचवाली:
वॉटरलेसबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. आमच्या घरी एक जुनी हौशी गाडी आहे, वर्षातून मोजक्या वेळा बाहेर निघणारी, तिच्यात आम्ही वॉटरलेस भरलंय आणि तिथे ते शोभतं. पाणीच नाही म्हणून गंज नाही, १८० च्या पुढे उकळतं म्हणून दाब जवळजवळ नाही, जुने होज आणि जुना रेडिएटर निवांत राहतात.

रोजच्या गाडीत मी घालणार नाही. एक तर ते ग्लायकोलच आहे पाण्याशिवायचं, म्हणजे रंगहीन_द्रव यांनी वर दिलेली २.४ वाली गोष्ट, शिवाय पाण्यापेक्षा घट्ट, त्यामुळे इंजिन तेवढ्याच कामाला काही डिग्री जास्तच गरम चालतं. आणि उकळत नाही म्हणजे गरम होत नाही असं नाही ना! साध्या कूलंटला वाफ आली की निदान कळतं की काहीतरी बिनसलंय, इथे तो इशाराच गेला, हेड वाकेपर्यंत सगळं शांत. ज्याचा फॅन आजारी आहे त्यानं वॉटरलेस भरायचं म्हणजे ताप उतरवायचा सोडून थर्मामीटर फोडायचा. भरायच्या आधी आतलं पाणी जवळजवळ शून्य करावं लागतं, पाणी ३ टक्क्यांच्या वर राहिलं तर फायदा निघून जातो, म्हणजे ब्लॉकचा ड्रेन, हीटर, सगळं उपसा. आणि रस्त्यात होज फुटला तर बाटलीतलं प्यायचं पाणी घालून घरी येता येत नाही. गरम एक्झॉस्टवर सांडलं तर पेटूही शकतं, पाणी मिसळलेल्या कूलंटला ही भीती खूपच कमी.

गंमत म्हणजे कल्पना काही नवीन नाही. १९३० च्या दशकात विमानांच्या इंजिनांत शुद्ध ग्लायकोल वापरून झालं, रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिनही सुरुवातीला तसंच होतं, नंतर ते दाबाखालच्या ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकोलवर आले. उंचावर दाब कमी म्हणून पाणी लवकर उकळतं, त्यावर ग्लायकोल हा पहिला उपाय, मग दाब धरणारी सिस्टीम जमली आणि पाणी परत आलं.

पाना_दहाबारा:
क्लचवाली ताईंनी झकास लिहिलंय. आता थर्मोस्टॅट काढण्याबद्दल माझे दोन शब्द, कारण हा रोग फार पसरलाय. थर्मोस्टॅट काढला की हायवेला इंजिन गारठून चालतं, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं अजून वॉर्मअप चाललंय, पेट्रोल जास्त ओततो, ॲव्हरेज पडतो, ऑइलमधलं पाणी उडत नाही, ऑइल फिलरच्या झाकणाखाली पिवळट लोणी जमतं आणि मग लोक हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेली म्हणून घाबरतात. आणि ट्रॅफिकमध्ये वारा नसताना त्याचा उपयोग शून्य. वर काही इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते, ती गरम झाल्यावर बायपासचा रस्ता बंद करते. तो काढला की बायपास कायम उघडा, बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच गोल फिरतं आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. अडकल्याची शंका असेल तर काढून भांड्यात पाणी तापवून त्यात सोडा, किती डिग्रीला उघडतो ते डोळ्यांनी बघा, वाईट असेल तर नवीन बसवा. रिकामी जागा ठेवू नका.

अर्ध्यात_बंद:
लीक बंद करायचं औषध. माझा आवडता विषय. यात दोन जाती. एक म्हणजे बारीक तंतू, वनस्पतीचा भुगा किंवा धातूची पूड, छोट्या छिद्रात जाऊन अडकणारी. दुसरी सोडियम सिलिकेट, वॉटर ग्लास म्हणतात ते, गरम जागी काचेसारखं घट्ट बसतं, हेड गॅस्केटच्या बाटल्यांत बहुधा हेच. दोघांनाही डोळे नाहीत. लीकचं छिद्र कुठलं आणि हीटरची बारीक नळी कुठली हे त्यांना कळत नाही, आणि लाख किलोमीटर चाललेल्या रेडिएटरच्या अर्धवट तुंबलेल्या नळ्या तर त्यांना आयत्याच सापडतात. सोडियम सिलिकेटची ताकद बघायची तर २००९ मध्ये अमेरिकेत जुन्या गाड्या मोडीत काढायची सरकारी योजना निघाली होती, त्यात इंजिन परत कधीच चालू होऊ नये म्हणून ऑइल काढून त्याजागी सोडियम सिलिकेटचं द्रावण भरत आणि इंजिन जाम होईपर्यंत चालू ठेवत. कूलंटमध्ये मात्रा कमी असते, जागा वेगळी असते, मान्य, पण वस्तू तीच.

गाडी विकायची नाही, हेड उघडायला पैसे नाहीत, अजून थोडे दिवस ढकलायचीय, तेव्हा हा शेवटचा डाव. खटपट्या, तुमचं तसं काही नाही. गॅस्केटची शंकाच असेल तर निळ्या द्रवाची ब्लॉक टेस्ट करून घ्या, रेडिएटरच्या तोंडावर धरतात, ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळं पिवळं होतं. दहा मिनिटांचं काम.

मोठी_चाकं:
ट्रकवाल्यांकडून एक. मोठ्या डिझेलमध्ये वेगळं ॲडिटिव्ह खरंच घालतात, एससीए म्हणतात. वेट लायनर, म्हणजे बाहेरून कूलंट लागणारी सिलिंडरची नळकांडी, असतात, स्फोटाच्या धक्क्यानं लायनर थरथरतो, बाहेरच्या पाण्यात बुडबुडे होऊन फुटतात आणि लायनरला बाहेरून भोकं पाडतात. नायट्राइटचा थर ते थांबवतो, पट्टी बुडवून मात्रा तपासतात. तुमच्या पेट्रोल कारला याचा काही संबंध नाही, कोणी ट्रकच्या डब्यातलं काढून दिलं तर घेऊ नका.

रंगहीन_द्रव:
हिरव्यात गुलाबी चालतं का हे राहिलंच. रंग हा नुसता रंग आहे, त्याचा काही जागतिक नियम नाही, एका कंपनीचं हिरवं आणि दुसरीचं हिरवं आत पूर्ण वेगळं असू शकतं. बघायचं असतं ते आतलं गंजरोधक कुठल्या घराण्यातलं आहे ते. जुन्या पद्धतीचं सिलिकेट-फॉस्फेटवालं धातूवर पटकन थर बसवतं पण साधारण दोन-तीन वर्षांत संपतं. सेंद्रिय आम्लांचं, ओएटी लिहितात ते, जिथे गंज सुरू होतो तिथेच काम करतं म्हणून पाच वर्षांच्या आसपास चालतं. आणि मधले संकर. युरोपातल्या कंपन्या फॉस्फेट टाळतात, कारण तिकडच्या जड पाण्यात त्याचा साका बसतो. जपानी कंपन्या सिलिकेट टाळतात, पंपाच्या सीलला त्रास नको म्हणून. दोन घराणी एकत्र आली की दरवेळी जेली होतेच असं नाही, पण सिलिकेट फाटून साका झालेला मी पाहिलाय, आणि नाही झाला तरी आयुष्य कमीत कमी टिकणाऱ्यावर येतं. मॅन्युअलमध्ये जे स्पेसिफिकेशन लिहिलंय ते डब्याच्या मागे शोधा, रंग विसरा. आत काय आहे ते माहीत नसेल तर मिसळत बसू नका, सगळं काढून नवीन भरा.

खटपट्या:
मंडळी, धन्यवाद. डोंगल मागून आणला. एसी लावून उभं राहिल्यावर आकडा १०६ पर्यंत चढत होता आणि तेव्हा कुठे फॅन भसकन सुरू व्हायचा. लो स्पीड मेलेला होता, रेझिस्टर काळा ठिक्कर. मधल्या फटीत पाना_दहाबारांनी सांगितलेली गोधडीही निघाली, बोटानं ओढली तर एका तुकड्यात बाहेर आली, राखाडी, त्यात पाखरांचे पंख. कॅपचं रबर नखानं दाबलं तर दबलंच नाही. तिन्ही केलं. आता तसंच उभं राहिलं तर ९२ ते ९७ मध्ये खालीवर होतंय. हेड गॅस्केटची टेस्ट केली, निळं ते निळंच राहिलं. मेकॅनिकला रेझिस्टर दाखवला तर म्हणाला हेच सांगणार होतो.

कूलंट मात्र तपकिरी झालंय, कॅपखाली बोटाला गाळ लागतो. आता फ्लश मारून नवीन भरतो. केमिकल फ्लश घेऊ का साध्या पाण्यानं होईल? आणि प्रीमिक्स, म्हणजे आधीच पाणी मिसळलेलं, घेऊ का कॉन्सन्ट्रेट?

पाना_दहाबारा:
मेकॅनिक लोक नेहमी तेच सांगणार असतात हो.

गाळ बोटाला लागण्यापुरता असेल तर पाण्यानंच करा. गार इंजिनवर खालचा ड्रेन उघडा, रिकामं करा, बॅटरीचं पाणी भरा, हीटर फुल गरमवर ठेवा म्हणजे त्याच्या नळीतलंही फिरेल, थर्मोस्टॅट उघडून वरचा आणि खालचा दोन्ही होज गरम लागेपर्यंत चालू ठेवा, गार होऊ द्या, परत काढा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हेच. केमिकल फ्लश किंवा सायट्रिक ॲसिड क्षाराचा जाड थर असेल तरच, आणि नंतर भरपूर धुवावं लागतं, आत राहिलेलं आम्ल नवीन कूलंट खाऊन टाकतं.

आता जे बहुतेक जण चुकवतात ते. ड्रेन उघडला तरी ब्लॉकमध्ये बरंच पाणी राहतं. समजा सिस्टीम ६ लिटरची आहे आणि फ्लशनंतर २ लिटर पाणी आत अडकलंय. वरून ४ लिटर प्रीमिक्स ओतलं तर त्यात ग्लायकोल २ लिटर, म्हणजे एकूण ३३ टक्के, डब्यावर काही लिहिलेलं असो. म्हणून कॉन्सन्ट्रेट घ्या, आधी ३ लिटर तेच ओता, उरलेलं बॅटरीच्या पाण्यानं भरा, पन्नास टक्के झाले. प्रीमिक्स तेव्हाच, जेव्हा आत पाणी राहिलेलंच नाही याची खात्री आहे.

रंगहीन_द्रव:
भरून झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे ग्लायकोलचा टक्का दाखवणारं यंत्र, मिळाला तर थेंबभर टाकून बघा. एथिलीन आणि प्रॉपिलीन ग्लायकोलच्या पट्ट्या त्यात वेगळ्या असतात, चुकीची वाचू नका. प्रॉपिलीनवालं कमी विषारी म्हणून काही जण घेतात, थोडं जास्त घट्ट असतं, तरी गाडीच्या स्पेसिफिकेशनमध्ये बसत असेल तर हरकत नाही. आणि हे यंत्र फक्त टक्का सांगतं, गंजरोधक जिवंत आहे का ते नाही. त्यासाठी पीएचची पट्टी, ग्लायकोल जुनं झालं की त्यातून आम्लं तयार होतात आणि पीएच उतरत जातो.

क्लचवाली:
काढलेलं जुनं कूलंट उघड्या ट्रेमध्ये ठेवू नका हं, गटारात किंवा झाडाच्या बुडाशीही नको. एथिलीन ग्लायकोल चवीला गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि मांजराला तर अगदी थोडंसं पुरतं, शरीरात त्याचं ऑक्सॅलिक आम्ल होऊन किडन्या जातात. मुलांचंही तेच. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरात लिहा, आणि जिथे जुनं ऑइल घेतात तिथे हेही घेतात का विचारा. प्यायच्या पाण्याच्या बाटलीत तर चुकूनही नको.

खटपट्या:
कॅनमध्येच भरलंय, वर लिहिलंय. आता नवीन भरताना आत अडकलेली हवा काढावी लागते म्हणतात, ती काढायची म्हणजे नक्की काय करायचं? माझ्या गाडीत हवेचा स्क्रू कुठे दिसत नाही.

पाना_दहाबारा:
सगळ्या गाड्यांना नसतो. गाडीचं तोंड जरा चढावर येईल अशी उभी करा म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच राहील. कॅप उघडी, इंजिन गार, हीटर गरमवर, चालू करा आणि हळूहळू भरत राहा, वरचा होज हातानं दाबत-सोडत राहा, बुडबुडे येतील ते येऊ द्या. तापून लेव्हल वर यायला लागली की कॅप लावून टाका, आणि परत गार होईपर्यंत हात लावू नका. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर बाटलीतली लेव्हल थोडी उतरेल, ती आतली उरलेली हवा, तेवढं टॉपअप मारा, त्याच मिश्रणानं. त्यानंतरही उतरत राहिली तर मग पंपाच्या पुलीमागचं बारीक छिद्र बघा, तिथून गळत असेल तर वाळलेला रंगीत ओघळ दिसतो.